ठिपका कुठे निघालाय?

परवा लेकीच्या संगणकावर एक आख्खं शहर पाहिलं. ती एम.टेक. करतेय. मोबाइलचं जाळं खरोखर उभारण्याआधी त्याची नक्कल संगणकात चालवून बघायची, हा तिचा विषय. टॉवर उभा राहिल्यावर चूक कळली तर महागात पडतं ना! पडद्यावर ठिपके पळत होते. "आई, ही माणसं."

एक ठिपका नाकासमोर सरळ गेला, थांबला, मग भलतीकडेच वळला. वाटेत ना रस्ता, ना भिंत. म्हटलं, "अगं, पण हा निघालाय कुठे?" तर म्हणे, कुठेच नाही. कुठलीही एक जागा निवडायची, तिकडे जायचं, थोडं थांबायचं, पुन्हा दुसरी जागा. याला 'रँडम वेपॉइंट' म्हणतात आणि १९९६ पासून संशोधनात ही पद्धत सर्रास वापरली गेली. मला हसूच आलं. बिनकामाची भटकणारी बाई आमच्या आळीत तरी मी पाहिलेली नाही.

गंमत म्हणजे २००३ साली मिशिगन विद्यापीठातल्या तिघांनी दाखवून दिलं की या पद्धतीत ठिपक्यांचा सरासरी वेग हळूहळू कमीच होत जातो. हळू चालणारा लांबच्या वाटेला लागला की अडकूनच पडतो, आणि असे अडकलेले वाढत जातात. पुढे डेलावेअर विद्यापीठातल्या मंडळींनी खरे रस्ते, खऱ्या इमारती घेतल्या. माणसं दिवसभर काय करतात, हे अमेरिकी सरकारच्या वेळ-वापर पाहणीतून उचललं. हे मला पटलं.

पण आपल्याकडे करायचं तर दिवस कुणाचा घेणार? घर-ऑफिस-घर असा? आपल्याकडेही अशी पाहणी झालीय. २०२४ च्या आकड्यांनुसार घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. ही मिनिटं नुसती ओट्यापाशी जात नाहीत हो. पाळणाघर, गिरणी, क्लास, दवाखाना, बँक अशी नागमोडी वाट असते ती, आणि बरीचशी बोळांतून, जिन्यांतून, तळमजल्यांवरून जाते. नेमकी तिथेच रेंज मार खाते. जाड भिंती, वर काँक्रीट. आणि लहरींची वारंवारता जितकी जास्त, तितक्या त्या भिंतीपाशी लवकर गळपटतात. फाइव्ह-जीचा ३५०० मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा तर यात जास्तच नाजूक.

गेल्या पावसाळ्यात सासूबाईंना घेऊन एका दवाखान्याच्या तळघरात एक्स-रेसाठी बसले होते. रात्रीचे साडेनऊ. लेक बाहेर रिक्षा धरून उभी, रिक्षावाला कटकट करतोय, आणि माझा फोन लागेना. तिला वाटलं, आजीचंच काहीतरी झालं. वर आले तेव्हा पोर रडकुंडीला आली होती. कंपनीच्या नकाशात तो भाग हिरवागार! तो नकाशा हिशेबाने काढलेला. तळघरात बसलेल्या बाईला त्यात कुणी धरलंच नव्हतं.

हेच तिला ऐकवलं. म्हटलं, माझा मंगळवार घाल तुझ्या ठिपक्यात. वेळेसकट कागदावर लिहून दिला. साडेपाचला ठिपका मंडईत पोचला, सहाला क्लासपाशी, आणि सातला दवाखान्याच्या तळघरात गेला तो गायबच.

"आई," ती म्हणाली, "शेजारच्या काकूंचा मंगळवार पण आणतेस का लिहून?"