पापुद्र्याच्या भरवशावर

मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याच्या कडेला उभी असलेली विजेवरची स्कूटर भडकली. त्याच सुमारास देशात अन्यत्रही असे प्रकार घडले आणि बॅटरीविषयी लोकांच्या मनात भय निर्माण झाले. ते अनाठायी नव्हते. पण भय म्हणजे ज्ञान नव्हे. त्या बंद पेटीत काय घडते, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

लिथियम-आयन बॅटरीच्या दोन ध्रुवांमध्ये एक द्रव असतो. इथिलीन कार्बोनेटसारख्या सेंद्रिय द्रावकांत लिथियमचा क्षार विरघळवून तो तयार करतात. ही द्रावके ज्वालाग्राही तर असतातच. शिवाय बॅटरी प्रथम चार्ज होताना ऋण ध्रुवाच्या ग्रॅफाइटपाशी त्यांचे विघटन होते. नवल असे की, या नाशातूनच संरक्षण जन्माला येते. विघटनाच्या अवशेषांचा अतिसूक्ष्म पापुद्रा ग्रॅफाइटवर चढतो. तो लिथियमच्या आयनांना वाट देतो, इलेक्ट्रॉनांना अडवितो आणि पुढील विघटनास आळा घालतो. बॅटरीचे सारे आयुष्य या पापुद्र्यावर तोललेले असते.

परंतु तो अभेद्य नाही. आत पाण्याचा अंश राहिला, तर नेहमीच्या वापरातील फ्लुओरिनयुक्त क्षारापासून हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होते. उष्णतेने पापुद्रा झिजतो, द्रावक पुन्हा विघटित होते, वायू साठतात आणि बॅटरी फुगते. तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की पापुद्राच कोसळू लागतो. त्यातून निघालेली उष्णता पुढच्या प्रक्रियांना चालना देते. आगीचे मूळ सदोष जोडणीत असो वा आतल्या शॉर्टसर्किटमध्ये, पुढे तिला इंधन पुरविण्यात या द्रावकांचा मोठा वाटा असतो.

सरकारने २०२२ मध्ये ‘एआयएस-१५६’ हे मानक कडक केले आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू केले, हे योग्यच झाले. तथापि, नवेपणी परीक्षा उत्तीर्ण झालेली बॅटरी चार उन्हाळे सोसल्यावर कशी वागेल, हा प्रश्न उरतोच. चाचण्यांचे आणि अपघातांच्या चौकशीचे निष्कर्ष लोकांपुढे मांडले गेले पाहिजेत. कर्ज काढून वाहन घेणाऱ्या सामान्य माणसाचा तो हक्क आहे. जाहिरातीने ग्राहक भुलेल. रसायनशास्त्राचे नियम मात्र तिला भीक घालीत नाहीत.