भोंगा बंद, तर गाडी बंद

शेतकरी भावांनो,

कापूस जिनिंगच्या आवारात टाकला की आपला संबंध संपला, असे समजू नका. तिथे गाड्या खाली करायला आपण थांबतो आणि गाठींवर हमाली करणारी पोरेही कोरडवाहू गावांचीच असतात.

रुईची एक गाठ सुमारे १७० किलोची. अशा गाठी उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट आता बॅटरीवरच्याही येतात. डिझेलची गाडी धडधडत येते, दुरून कळते. बॅटरीची गाडी गुपचूप अंगावर येते. समोर थप्पी असली की चालवणाऱ्याला पुढचे दिसत नाही. मग माणसाला सावध करणार कोण? भोंगाच.

तो बिघडला की उत्तर ठरलेले: "हंगाम आहे, चालवा तशीच." नाहीतर मोटारसायकलचा १२ व्होल्टचा भोंगा बांधायचा. पॅलेट ट्रकची बॅटरी बहुधा २४ व्होल्टची, फोर्कलिफ्टची बहुधा ४८ ची. थेट जोडला तर तो जळणारच. काही गाड्यांत व्होल्ट उतरवणारा कन्व्हर्टर असतो. म्हणून जुन्या भोंग्यावरचा आकडा वाचूनच नवा आणावा आणि रेच्यांच्या गोंगाटात तो ऐकू येतो का, हे तपासावे.

१९८४ च्या भोपाळनंतर, १९८७ साली कारखाना कायद्यात कलम आले: कामगाराची सुरक्षितता ही मालकाची जबाबदारी. हजारो माणसे मेल्यावर आलेले हे शहाणपण आवारात दिसले पाहिजे.

एका गाठीच्या किमतीपुढे भोंग्याची किंमत किरकोळ. ही भीक नव्हे, हक्क आहे. या हंगामात प्रत्येक आवारात एकच सांगा: भोंगा बंद, तर गाडी बंद!