दंडावरची लाल फीत

हैदराबाद, नांदेड, परभणीकडच्या वाचकांना ‘चाऊस’ हे आडनाव नवे नाही. निजामाच्या फौजेत हद्रमौतहून आलेल्या अरबांचे हे वंशज. शब्द मूळचा तुर्की सैन्यातल्या एका हुद्द्याचा. हाच शब्द जर्मनांच्या आफ्रिकी शिपायांतही चालत होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल.

पूर्व आफ्रिकेत, मुख्यतः आजच्या टांझानियात, जर्मनांनी १८८९ मध्ये फौज उभारली. पहिले शिपाई त्यांनी कैरोहून आणले. इजिप्तच्या सैन्यात पूर्वी नोकरी केलेले हे सुदानी लोक आपले हुद्देही बरोबर घेऊन आले. वरचे अधिकारी जर्मन, पण खाली ओम्बाशा, चाऊश, बाशचाऊश, सोल! डाव्या दंडावर लाल फितीचे कोन शिवलेले असत. ओम्बाशाला एक, चाऊशला दोन, अशी चढत चढत सोलला चार. साध्या शिपायाला म्हणत आस्करी. अंगात खाकी, पायांना निळ्या पट्ट्या, डोक्यावर खाकी कापड चढवलेली उंच तुर्की टोपी, मानेवर उन्हासाठी झालर आणि कपाळावर कैसरचा धातूचा गरुड. पगार रुपयांत, कारण त्या वसाहतीचे नाणेही ‘रुपी’च होते.

हा गरुड दिसला की गावे रिकामी होत. १९०५ ते १९०७ च्या माजी-माजी उठावात याच फौजेने पिके आणि धान्याची कोठारे जाळली. त्यामागून आलेल्या दुष्काळासह मेलेल्यांचा आकडा जर्मनांनी पाऊण लाख धरला. पुढचे अभ्यासक तो दोन-तीन लाखांवर नेतात. म्हणून आस्करींच्या ‘निष्ठे’चे गोडवे वाचताना माझा घास अडकतो. गणवेश म्हणजे पगार, घरदार, मान. तो कोणाच्या जिवावर, हेही विसरता येत नाही.

नोव्हेंबर १९१४ मध्ये टांगा बंदरावर हिंदी फौज उतरली, तिच्यात ग्वाल्हेर संस्थानचीही तुकडी होती. समोर हेच आस्करी होते आणि इंग्रजांना माघार घ्यावी लागली. पुढे चार वर्षे जर्मनांची रसद तुटलेली. कापड तिथेच विणायचे, झाडाच्या सालीने रंगवायचे, नाहीतर शत्रूचे काढून घालायचे. हजारो हमालांना तर तेवढेही नव्हते. ते वाटेतच मेले, आणि फीत नसलेल्या माणसाची नोंद कोण ठेवणार?

२५ नोव्हेंबर १९१८ ला, युरोपात युद्ध थांबून दोन आठवडे झाल्यावर, उरलेल्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली. तेव्हा तिच्यात सुमारे अकराशे आस्करी होते. थकलेला पगार मात्र राहिला तो राहिलाच.

१९६४ मध्ये पश्चिम जर्मनीच्या संसदेने ही बाकी देण्याचे ठरवले. व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या म्वांझा गावी साडेतीनशेच्या आसपास म्हातारे जमले. त्यानंतरची हकीकत सांगतात ती अशी. दाखला फारच थोड्यांपाशी होता. काहींनी जुन्या गणवेशाचे जीर्ण तुकडे आणले होते, बाकीचे रिकाम्या हातांनी आलेले. पैसे वाटणाऱ्या जर्मन अधिकाऱ्याने मग एक झाडू मागवला. एकेकाला पुढे बोलावून तो हातात द्यायचा आणि जर्मन भाषेत बंदुकीच्या कवायतीचे हुकूम सोडायचे. पन्नास वर्षांपूर्वीचे ते हुकूम कानी पडताच म्हातारे ताठ झाले. एकही चुकला नाही, म्हणतात.