शाळा गावात, अन्न शाळेत

शिक्षणाचा विस्तार केला की दर्जा खालावतो, आणि दर्जा राखावयाचा तर विस्ताराला आवर घालावा लागतो, असा एक समज राज्यकर्त्यांत व सुशिक्षित मध्यमवर्गात रूढ झाला आहे. हा समज तपासून पाहण्यास मद्रास राज्याचे एके काळचे मुख्यमंत्री के. कामराज यांच्या कारकीर्दीइतके उपयुक्त उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

विरुदुनगरच्या या मुलाचे वडील लवकर वारले, शाळा अर्ध्यावर सुटली आणि मामाच्या कापडदुकानात त्याला काम करावे लागले. एप्रिल १९५४ मध्ये तो राज्याचा मुख्यमंत्री झाला, त्या वेळी राज्यात एका शिक्षणयोजनेवरून रण माजले होते. राजाजींच्या सरकारने १९५३ साली ग्रामीण भागातील प्राथमिक शाळांचे तास कमी केले होते. मुलांनी उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकावा, अशी कल्पना होती. तीमागे काटकसरीचा हिशेब होता, तसेच अपुऱ्या शाळांत अधिक मुले सामावून घेण्याचा हेतूही होता. परंतु जेथे धंदा जातीने ठरतो, तेथे बापाचा धंदा शिकणे म्हणजे बापाची जात पुढे चालविणे होय. द्रविड चळवळीने या योजनेला कुलधर्माचे शिक्षण म्हणून कडाडून विरोध केला. कामराजांनी सत्तेवर येताच ती मागे घेतली.

योजना रद्द करणे सोपे होते. खरा प्रश्न पुढेच होता. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा यत्न करावा, असे राज्यघटनेच्या ४५ व्या कलमाने राज्यांना सांगितले होते. मद्रासच्या खेड्यापाड्यांत मात्र हजारो वस्त्यांजवळ शाळाच नव्हती, आणि जेथे होती तेथे गरिबांची मुले येत नव्हती. ती का येत नाहीत, याचे उत्तर शेतमजुराच्या घरात होते. गुरे राखणारे, धाकट्या भावंडांना सांभाळणारे मूल शाळेत गेले, की त्या घराचे उत्पन्न वा श्रम तेवढे घटतात. शिक्षण मोफत असले तरी गरिबाला ते फुकट पडत नाही, हे साधे अर्थशास्त्र अनेक पदवीधर मंत्र्यांना उमगले नव्हते.

कामराजांच्या सरकारने हा खर्च एकेका अंगाने कमी केला. वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर शाळा काढल्या. १९५६ पासून शाळांत दुपारचे जेवण सुरू झाले. प्रारंभी ते लोकांच्या देणग्यांवर चालले, पुढे सरकारने त्यातील भार उचलला. शिक्षण संचालक ने. दु. सुंदरवडिवेलू यांच्या पुढाकाराने शाळा सुधार परिषदा भरविण्यात आल्या आणि गावोगावच्या लोकांनी शाळांना इमारती, बाके, फळे व गणवेश दिले. फी माफीची मर्यादाही टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली. १९६३ साली कामराज पायउतार झाले, तोवर शिक्षणविस्ताराची घडी बसलेली होती.

या कार्यात उणिवा नव्हत्या असे नाही. अनेक शाळा एकशिक्षकी होत्या. पुढील दशकांत तमिळनाडूतही इंग्रजी माध्यमाच्या खासगी मॅट्रिक्युलेशन शाळांचे पेव फुटले आणि ऐपतीनुसार शाळा वेगळ्या झाल्या. तरीही जो पाया घातला गेला तो पक्षांतराने वा सत्तांतराने उखडला गेला नाही. एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ साली पोषक आहाराची योजना व्यापक केली, आणि २०२२ साली तेथील सरकारी प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारी देण्यास आरंभ झाला. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली शिजविलेले माध्यान्ह भोजन देण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला, तेव्हा तमिळनाडूचा दीर्घ अनुभव देशासमोर होता. २०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीनुसार उच्च शिक्षणातील पटनोंदणीचे प्रमाण देशात २८.४ टक्के, तर तमिळनाडूत ४७ टक्के होते. याचे सारे श्रेय एका माणसाला देणे अन्यायाचे ठरेल. परंतु प्राथमिक शाळेची पायरीच ज्याला लाभली नाही, तो महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोहोचणार कसा?

या इतिहासाचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. २०२३ साली राज्य शासनाने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागविले. अशा शाळा १४ हजारांहून अधिक होत्या. मोठ्या शाळेत विषयवार शिक्षक, ग्रंथालय, क्रीडांगण मिळेल, हा युक्तिवाद पोकळ नाही. चार मुलांच्या वर्गात स्पर्धा व सोबत नसते, हेही खरे. परंतु हा हिशेब शासनाच्या तिजोरीच्या बाजूने मांडलेला आहे. डोंगरातल्या पाड्यावरील मुलीच्या बाजूने तो मांडला, तर पावसाळ्यात न येणारी गाडी, बापाची बुडणारी मजुरी आणि शेवटी मुलीचे घरी बसणे, हे आकडेही त्यात धरावे लागतील. वाचलेला पैसा अंदाजपत्रकात दिसतो. गळलेली मुलगी मात्र कोणत्याच रकान्यात दिसत नाही.

दर्जा हवा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. त्यासाठी लहान शाळांना फिरते विषयशिक्षक द्यावेत, रिक्त पदे भरावीत, शिक्षकांना अध्यापनबाह्य कामांतून मुक्त करावे. कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर करण्याचे सुचविले, त्याला अर्धे शतक उलटून गेले, तरी तेवढी तरतूद झालेली नाही. ती न करता दर्जाच्या नावाने शाळा हलविणे म्हणजे आपल्या हात आखडण्याची किंमत सर्वांत दुर्बल मुलांकडून वसूल करणे होय. ज्याची शाळा बालपणीच सुटली, त्या मुख्यमंत्र्याने शाळा मुलांच्या दारी नेली. मुलांनीच शाळेच्या दारी यावे, असे म्हणणाऱ्या राज्यकर्त्यांनी ती वाट किती लांब आहे, हे एकदा तरी पायी चालून पाहावे.