पाण्याचा सातबारा

(बी. ए., द्वितीय वर्ष)

आपल्या वऱ्हाडात जमिनीच्या तुकड्या-तुकड्याची नोंद आहे. कोणत्या गटात कोणते पीक, किती जिरायत, किती ओलिताचे, बोजा कोणत्या बँकेचा, हे सारे तलाठ्याच्या दप्तरात सापडते. कपाशी बुडाली तर पैसेवारी निघते आणि ती पन्नास पैशांच्या खाली आली की दुष्काळी सवलतींची मागणी करता येते. या आकड्यांनी शेतकऱ्याचे दुःख मिटते असे कोणीच म्हणणार नाही. पण निदान भांडायला त्याच्या हातात एक आकडा असतो.

याच शिवारात दुसराही एक कष्टकरी राहतो. तो भोई आहे, ढिवर आहे. मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ वर्धा नदी अडवून अप्पर वर्धा धरण झाले, अकोल्याला पाणी पाजणारे काटेपूर्णा धरण महानला झाले, आणि गावोगावचे लहानमोठे तलाव तर आहेतच. या पाण्यावर तो जाळे टाकतो. पण त्याच्या धंद्याला सातबारा नाही आणि पैसेवारीही नाही. तलाव आटला, बोटुकली मेली, भाव पडला, तर किती नुकसान झाले हे सांगणारा एकही सरकारी कागद त्याच्याजवळ नसतो. वाचकहो, हा प्रश्न केवळ भोयांचा नाही. सरकार कोणाचा हिशेब ठेवते आणि कोणाचा ठेवत नाही, हा तो प्रश्न आहे.

मोजणी ही वऱ्हाडाला नवी गोष्ट नाही. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि पुढच्या वीस वर्षांत इथली जमीन, माणसे आणि कपाशी यांची मोजदाद झाली. लायल साहेबाचे वऱ्हाडचे गॅझेटिअर १८७० साली छापले गेले. त्याच वर्षी खामगावला कापसासाठी रेल्वेचा फाटा आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता, म्हणून आमच्या कपाशीच्या बोंडाबोंडाची चौकशी झाली. कापूस वेचणाऱ्या बाईच्या पदरात संध्याकाळी काय पडते, याची चौकशी कोणी केल्याचे वाचनात नाही. मला यातून एवढेच दिसते की सरकार ज्याची मोजणी करते, त्यावरून सरकारला काय हवे आहे ते कळते.

मासेमारीतही आज तसेच चालले आहे. सरकारजवळ मासोळीचा आकडा आहे. २०२२-२३ या वर्षी देशात सुमारे १७५ लाख टन मासळी निघाली आणि त्यातली सुमारे १३१ लाख टन समुद्रातली नसून नद्या, तलाव, धरणे व तळ्यांतली होती. म्हणजे चार हिश्श्यांपैकी जवळजवळ तीन हिस्से समुद्राबाहेरच्या पाण्याचे आहेत. पण आकडेमोडीची शिस्त मात्र समुद्राकडे जास्त आहे. १९४७ साली स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था बंदरांची निवड करते, ठरलेल्या दिवशी आपला माणूस तिथे उभा करते, आलेल्या होड्यांतून काही होड्या निवडून मासळी मोजते आणि त्यावरून साऱ्या किनाऱ्याचा अंदाज बांधते. आपल्या राज्याला लांबलचक किनारा आहे, पण तिथे मासळी ठराविक बंदरांवर उतरते, त्यामुळे मोजणे शक्य होते. धरणावर बंदर कुठले? कोणी डोंग्यावर, कोणी थर्माकोलच्या तराफ्यावर, कोणी ट्यूबवर बसून जाळे टाकतो. पहाटे चार ठिकाणी मासोळी काठाला लागते आणि सूर्य वर येईपर्यंत ती बाजाराच्या वाटेवर असते. मोजणाऱ्याने कुठे उभे राहायचे?

मग आकडा येतो कुठून? तो येतो संस्थेच्या वहीतून. मी मासेमार घरातली आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, म्हणून दहावी झाल्यापासून आमच्या मच्छीमार संस्थेचा तक्ता लिहायला मलाच बसवतात. त्या तक्त्यात रकाने असतात ते असे : कटला किती किलो, रोहू किती किलो, मृगळ किती, झिंगे किती, बीज किती सोडले. हे सारे रकाने भरून झाले की तक्ता पूर्ण होतो. त्यात जाळ्याचा रकाना नाही, बर्फाचा नाही, ठेक्याच्या हप्त्याचा नाही. व्यापाऱ्याकडून पावसाळ्यात घेतलेल्या उचलीचा नाही आणि काट्यावर कापल्या जाणाऱ्या कडत्याचाही नाही. समजा, शंभर रुपयांची मासोळी विकली गेली. त्यातले बोटुकलीला किती गेले, ठेक्याला किती, जाळे विणायच्या दोऱ्याला किती, आणि रात्रभर पाण्यात राहणाऱ्या माणसाच्या घरी किती आले? सरकारच्या कागदावर फक्त मासा दिसतो. मासेमार दिसत नाही.

कोणी म्हणेल, मासेमाराचा खर्च सरकारला कशाला हवा? तो त्याचा त्याला ठाऊक असतो. याचे उत्तर व्यवहारातच आहे. २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्डाची सोय मासेमारांनाही लागू झाली. पण एका मासेमाराला किती कर्ज द्यायचे हे बँक मनाने ठरवीत नाही. जिल्ह्याची तांत्रिक समिती त्या धंद्याला किती खर्च येतो ते पाहून कर्जाचे प्रमाण ठरविते. कपाशीला एकरी किती खर्च येतो हे साऱ्यांना माहीत आहे, कारण वर्षानुवर्षे ते लिहिले गेले. धरणात जाळे टाकणाऱ्याला हंगामाला किती खर्च येतो, हे कोणी लिहून ठेवले आहे? जिथे खर्चाचा आकडाच नाही तिथे कर्जाचा आकडा अंदाजाने ठरणार, आणि अंदाज गरिबाच्या बाजूने चुकल्याचे कोणी ऐकले आहे काय? एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्याचे स्वागत केलेच पाहिजे. परंतु शेतीचा दर्जा द्यायचा तर शेतीसारखा हिशेबही ठेवावा लागेल. नाहीतर दर्जा कागदावर राहील आणि सवलत ज्याच्याजवळ कागद आहे त्याला मिळेल.

दुसरे कारण देखरेखीचे. तलाव सहकारी संस्थेच्या नावाने ठेक्याने जातो. बीज, जाळे, होडी यांवर जनतेचा पैसा अनुदान म्हणून खर्च होतो. पण काही ठिकाणी संस्था कागदावर असते आणि पाण्यावर ठेकेदार असतो, ही बोलणी आपण सारेच ऐकतो. सभासद आपल्याच तलावावर मजूर होतो. केवळ किलोचा आकडा मागून हे कधीच उघडे पडणार नाही, कारण मासोळी तर तेवढीच निघते. सभासदाच्या हातात किती पडले हे विचारले, की एका प्रश्नात सारे कळते.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. हा आकडा मासेमार खरा सांगेल का? माझे वडील म्हणतात, "खरं सांगतलं का ठेका वाढते, बाई. मंग काहाले सांगाव?" त्यांना अडाणी म्हणून हे वाक्य उडवून लावणे सोपे आहे, पण ते अनुभवातून आलेले आहे. ज्याने आजवर मोजले त्याने घेण्यासाठीच मोजले, हे गरिबाने पिढ्यान् पिढ्या पाहिले. म्हणून वहीत तेवढीच मासोळी लिहिली जाते जेवढी लिहिल्याने त्रास होत नाही. फार लिहिली तर ठेका वाढेल, फार कमी लिहिली तर संस्था निकामी ठरेल. अशा दोन भीतींच्या मधोमध जो आकडा सापडतो, तो वर जातो.

खोटा आकडा खालूनच निघतो असेही नाही. २००१ साली वॉटसन आणि पॉली या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की चीनने समुद्रातल्या मासळीचे आकडे फुगवून सांगितले होते. तिथल्या अधिकाऱ्यांची बढती उत्पादन वाढल्याच्या आकड्यावर अवलंबून होती, म्हणून आकडे वाढत गेले. एका देशाच्या फुगलेल्या आकड्यांनी साऱ्या जगाची मासळी वाढत असल्याचा भास झाला, प्रत्यक्षात ती घटत होती. ज्याच्या हातात मोजमाप त्याचाच फायदा आकड्यात गुंतला, की काटा झुकतोच. मग तो व्यापारी असो की अधिकारी.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर याच प्रश्नावर वेगळा उपाय केला गेला. २०११ साली तिथे ट्रॉलरच्या मासेमारीची नवी पद्धत लागू झाली, आणि प्रत्येक धंदेवाल्याला वर्षाचा आर्थिक हिशेब देणे सक्तीचे झाले. इंधन, बर्फ, दुरुस्ती, खलाशांची मजुरी, विक्री, सारे त्यात आले. नवी पद्धत येण्याच्या आधीच्या २००९ व २०१० या वर्षांचाही हिशेब मागितला गेला, म्हणजे बदलाने कोणाचे भले झाले आणि कोण बुडाले हे पुढे ताडून पाहता यावे. आपल्याकडे तलाव ठेक्याचे नियम बदलतात, पण आधीची स्थिती काय होती हेच लिहिलेले नसेल तर बदल चांगला की वाईट हे कशावरून ठरविणार?

तिथला आणखी एक नियम मला फार मोलाचा वाटतो. ज्या बेरजेत तीनपेक्षा कमी धंद्यांची माहिती असेल ती बेरीज प्रसिद्ध करीत नाहीत, कारण तिच्यावरून एखाद्याचा खाजगी हिशेब ओळखू येतो. आपल्याकडे बहुधा एका तलावावर एकच संस्था असते. म्हणजे तलावाचा आकडा छापला की संस्थेचा हिशेब उघडा पडला. म्हणून अनेक तलावांची बेरीज करूनच तो छापावा लागेल. मात्र संस्थेच्या आत, आमसभेत, प्रत्येक सभासदाला आपल्या संस्थेचा पूर्ण हिशेब मिळालाच पाहिजे. धंद्याची माहिती बाजारापासून झाकणे वेगळे आणि सभासदापासून लपविणे वेगळे.

असा विश्वास देणारा कायदा आपल्या देशातही आहे. २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्याप्रमाणे त्याखाली घेतलेली माहिती सांख्यिकीच्या कामासाठीच वापरायची असते. जनगणनेच्या १९४८ च्या कायद्यातही माणसाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन आहे. म्हणून तर जनगणनेच्या मास्तरांना लोक घरातली माहिती सांगतात. २०२४ साली केंद्र सरकारने मत्स्यव्यवसायासाठी राष्ट्रीय डिजिटल व्यासपीठ सुरू केले आणि मासेमारांची नावे त्यावर नोंदविली जात आहेत. नाव नोंदविणे ही सुरुवात झाली. पण त्या नावापुढे खर्च, कर्ज आणि कमाई यांचा खरा आकडा यायचा असेल तर मासेमाराला भरवसा द्यावा लागेल.

तो कसा द्यावा, याबद्दल माझ्या अल्पमतीला सुचते ते नम्रपणे मांडते. पहिली गोष्ट, माहिती घेणारा आणि ठेका ठरविणारा अधिकारी एकच असू नये. दुसरी, प्रश्न थोडे असावेत आणि आमच्या बोलीत असावेत. 'परिचालन व्यय' म्हटले तर कोणीच बोलणार नाही, पण 'यंदा दोऱ्याले किती लागले?' असे विचारले तर माझी माय एका दमात सांगेल. तिसरी, बाईला विचारावे. पाण्यात बाप्या उतरतो, पण टोपले डोक्यावर घेऊन आठवडी बाजारात बसते ती बाई. उधारी कोणाकडे राहिली, उरलेली मासोळी किती पाडून विकावी लागली, हे तिलाच ठाऊक असते, आणि संस्थेच्या सभासद यादीत मात्र तिचे नाव सहसा नसते. चौथी, गोळा केलेला आकडा परत गावात यावा. आमच्या शेजारच्या तलावावर बीज काय भावाने मिळाले हे आम्हाला कळले, तर पुढच्या वर्षी आम्ही भाव करू शकू. माहिती फक्त वर जात राहिली तर ती देणाऱ्याला वेठबिगार वाटते.

डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था काढली ती शेतकऱ्याचे पोर शिकावे म्हणून. आज भोयाचे पोर शिकू लागले आहे. शिकलेल्या पोराने घरच्या धंद्याची लाज बाळगून शहरात नाहीसे व्हायचे, की त्या धंद्याचा हिशेब नीट मांडायचा? माझी आपल्या महाविद्यालयाला विनंती आहे. दरवर्षी राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर होते. आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो, ते चांगलेच आहे. यंदा एखादे शिबिर धरणकाठच्या गावात भरवावे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी दहा प्रश्नांची वही करावी, घरोघर जावे, आधी बाईशी आणि मग बाप्याशी बोलावे, कोणाचेही नाव न लिहिता खर्च आणि कमाई लिहून घ्यावी, आणि शेवटच्या दिवशी चावडीवर तो हिशेब मोठ्याने वाचून दाखवावा. तो बरोबर आहे की नाही हे गावकरीच सांगतील. मग त्याची एक प्रत मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा कार्यालयात द्यावी आणि एक गावात ठेवावी. प्रश्न लिहून काढायचे काम मी करीन.