उठता-बसता ‘सॉरी’ कशाला?

आज सकाळपासून तुम्ही किती वेळा ‘सॉरी’ म्हणालात? जरा आठवून पाहा.

रिक्षावाल्याकडे सुटे पैसे नव्हते, सॉरी तुम्ही म्हणालात. लिफ्टमध्ये धक्का दुसऱ्याचा लागला, तरी सॉरी तुमच्याच तोंडून आलं. ऑफिसच्या ग्रुपवर साधी शंका विचारायची होती, तर सुरुवात झाली ‘सॉरी, एक छोटासा प्रश्न आहे’ अशी. डॉक्टरांना रिपोर्टमधला आकडा समजावून सांगा म्हणताना ‘सॉरी हं, तुमचा वेळ घेतेय.’ आणि रात्री पानं वाढताना ‘भाजी आज जरा बिघडलीच आहे, सांभाळून घ्या.’ अजून कुणी पहिला घासही घेतलेला नसतो!

यातल्या एकाही प्रसंगात तुम्ही कुणाचं काही बिघडवलेलं नव्हतं. तरी माफी मागून झाली. ‘एक शब्द म्हटला तर कुठे बिघडलं?’ असं कुणीही विचारेल. एकदा म्हटल्यानं काहीच बिघडत नाही. पण दिवसातून वीस वेळा तोच शब्द स्वतःच्या कानावर पडत राहिला, की मन तो खरा मानू लागतं. आपण सतत कुणाच्या तरी वाटेत येतोय, आपलं विचारणं, बोलणं, थकणं ही सगळी समोरच्यावर लादलेली अडचण आहे, असं वाटू लागतं.

हिशेब आधी, चूकभूल नंतर

आपल्याकडे हिशेबाच्या कागदाच्या शेवटी ‘चू. भू. द्या. घ्या.’ लिहायची जुनी पद्धत आहे. चूकभूल द्यावी घ्यावी. इंदूर, भोपाळकडच्या वाचकांना हेच ‘भूल-चूक लेनी-देनी’ म्हणून दुकानाच्या बिलावर भेटलं असेल. या चार अक्षरांत दोन शहाणपणाच्या गोष्टी आहेत. एक, आधी हिशेब मांडलेला असतो आणि मगच चुकीची गोष्ट निघते. दुसरी, त्यात ‘द्यावी’ही आहे आणि ‘घ्यावी’ही. चूक माझी निघाली तर मी भरून देईन, तुमची निघाली तर तुम्ही द्या.

उठता-बसता सॉरी म्हणणारा माणूस नेमकं उलटं करतो. हिशेब न मांडताच तो चूक स्वतःच्या नावावर लिहून टाकतो. म्हणून सवय बदलायची तर सॉरी म्हणण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: माझ्यामुळे कुणाचं काही नुकसान झालं का, कुणी दुखावलं गेलं का? उत्तर ‘हो’ असेल तर माफी मागायलाच हवी. ‘नाही’ असेल तर तिथे दुसरा कुठला तरी शब्द हवा आहे.

ही सवय लागते कुठून?

बऱ्याचदा घरातूनच. दोन मुलं भांडली की आपण काय झालं ते विचारत नाही. ‘तू मोठी आहेस ना, म्हण सॉरी आणि मिटव’ असं सांगून मोकळे होतो. मुलगी त्यातून शिकते की सॉरी हा भांडण थांबवायचा मंत्र आहे, चूक कुणाची याच्याशी त्याचा संबंध नाही. पुढे सासरी, ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ती हाच मंत्र वापरत राहते.

‘बायकाच जास्त सॉरी म्हणतात’ असं सर्रास म्हटलं जातं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या करीना शूमन आणि मायकेल रॉस यांनी 2010 मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्त्री-पुरुषांना रोजच्या नोंदी ठेवायला सांगितलं होतं. स्त्रियांच्या माफीची संख्या जास्त निघाली, पण आपल्या हातून चूक झाली असं त्यांना वाटण्याची संख्याही जास्त होती. एकदा चूक वाटली की माफी मागण्याचं प्रमाण दोघांत सारखंच होतं. म्हणजे पुरुष माफी मागायला लाजतात असं दिसलं नाही. फरक होता तो कशाला चूक म्हणायचं, याच्या मोजपट्टीत. आपल्याला सुधारायची आहे ती हीच मोजपट्टी. ती फार बारीक असेल तर भाजीतलं चिमूटभर मीठही गुन्हा ठरतं. फार जाड असेल तर समोरच्याचे डोळे भरून आले तरी काही जाणवत नाही.

परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसांची आणखी एक सॉरी असते, ती भाषेची. बंगळुरू, हैदराबाद, दिल्लीत नोकरीला गेलेली मुलं मीटिंगमध्ये तोंड उघडण्याआधीच ‘सॉरी, माझं हिंदी जरा असंच आहे’ म्हणून टाकतात. घरी मराठी, कामावर इंग्रजी, बाजारात हिंदी आणि शेजाऱ्यांशी मोडकंतोडकं कन्नड बोलणाऱ्या माणसानं माफी कशाची मागायची? ‘काही समजलं नाही तर विचारा, मी पुन्हा सांगतो’ एवढं पुरे.

तोटा होतो तो असा

समजा, दुसऱ्या विभागाकडून आकडे दोन दिवस उशिरा आले, म्हणून तुमचा अहवाल रखडला. तुम्ही ई-मेलची सुरुवात केली, ‘उशिराबद्दल सॉरी.’ तुमच्या मनात ती नुसती सभ्यता होती. सहा महिन्यांनी कामाचा आढावा निघतो, तेव्हा लेखी उरतं ते एवढंच की उशीर झाला आणि तुम्ही त्याची माफी मागितली. तिथे ‘आकडे बुधवारी मिळाले, अहवाल सोबत जोडला आहे’ असं लिहिलं असतं, तर कुणाला दोष न देता खरं काय ते नोंदलं गेलं असतं.

दुसरा तोटा नात्यातला. दिवसभर सॉरी ऐकणाऱ्या नवऱ्याला, मैत्रिणीला दर वेळी ‘अगं, असू दे’ म्हणावं लागतं. समजूत घालण्याचं काम त्यांच्यावर पडतं. पुढे एखाद्या दिवशी खरोखर मन दुखावलं जातं आणि तुम्ही मनापासून माफी मागता, तेव्हा शब्द तोच असतो. तो ऐकून ऐकून इतका गुळगुळीत झालेला असतो की समोरच्यापर्यंत पोचत नाही.

सरसकट बंदीही नको

म्हणून लगेच सॉरीवर बहिष्कार टाकू नका. हार्वर्डमधल्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2014 चा एक मजेदार प्रयोग आहे. पावसाळी दिवशी रेल्वे स्टेशनवर एक माणूस अनोळखी लोकांकडे फोन मागत होता. नुसता फोन मागितला तेव्हा साधारण 9 टक्के लोकांनी दिला. ‘या पावसाबद्दल सॉरी’ असं आधी म्हणून मागितला, तेव्हा 47 टक्क्यांनी दिला. पाऊस काही त्यानं पाडला नव्हता! पण ‘तुम्ही भिजलात, मला त्याची जाणीव आहे’ एवढं त्या शब्दातून पोचलं.

मराठीत ही जाणीव सांगायला सॉरी उसना घ्यावा लागत नाही. ‘अरेरे, भिजलात की!’, ‘ऐकून फार वाईट वाटलं’, ‘दमून आलात, आधी पाणी घ्या’ असं आपण म्हणतोच. यात माया आहे, पण गुन्हेगाराची मान खाली नाही.

सॉरीच्या जागी काय म्हणाल?

सवय नुसती सोडता येत नाही. तिच्या जागी दुसरं काही तरी ठेवावं लागतं. रोजच्या प्रसंगांसाठी हे शब्द जिभेवर बसवा:

• कुणी तुमच्यासाठी थांबलं: ‘सॉरी, तुम्हाला ताटकळावं लागलं’ ऐवजी ‘थांबलात, बरं वाटलं. आभारी आहे.’ (कबूल केलेली वेळ तुम्हीच चुकवली असेल, तर मात्र सॉरीच म्हणा.)

• शंका विचारायची आहे: ‘सॉरी, मूर्खासारखा प्रश्न आहे’ ऐवजी ‘हा मुद्दा मला पुन्हा समजून घ्यायचाय.’

• तुमचं बोलणं कुणी मध्येच तोडलं: ‘सॉरी, मी म्हणत होते की...’ ऐवजी ‘माझं वाक्य पूर्ण करते, मग तुम्ही बोला.’

• मदत हवी आहे: ‘सॉरी, त्रास देतेय’ ऐवजी ‘दहा मिनिटं आहेत का? मला मदत लागेल.’

• पाहुणे जेवायला बसलेत: ‘काही जमलं नाही आज’ ऐवजी ‘सावकाश जेवा. काय हवं ते मोकळेपणानं सांगा.’

• दुःखाची बातमी कळली: ‘सॉरी’ म्हणून गप्प होण्याऐवजी ‘मी संध्याकाळी येऊन जातो. काही आणायचंय का?’

वडीलधाऱ्यांशी असं बोलणं उद्धटपणाचं वाटेल का, ही भीती अनेकांना असते. उद्धटपणा शब्दांपेक्षा सुरात असतो. ‘आई, आज मला बरं वाटत नाहीये, पोळ्या बाहेरून मागवूया’ हे वाक्य शांतपणे, जवळ बसून म्हटलं, तर त्यात सासूबाईंचा मान कुठेच कमी होत नाही. तब्येत बरी नसणं ही माफी मागायची गोष्टच नाही.

नकार देताना

सॉरीची खरी कसोटी लागते ती नाही म्हणताना. शेजारच्या काकू म्हणतात, ‘रविवारी आमच्याकडे वीस माणसं आहेत, जरा येशील ना मदतीला?’ तुम्हाला जमणार नसतं. मग सुरू होतं: ‘सॉरी काकू, अहो मुलाची परीक्षा, त्यात यांची तब्येत, त्यात...’ जितकी कारणं जास्त, तितकी प्रत्येक कारणाला फाटा फोडायला जागा जास्त. त्यापेक्षा तीन छोटी वाक्यं म्हणा. ‘काकू, तुम्ही हक्कानं विचारलंत, छान वाटलं. रविवारी मला जमणार नाही. शनिवारी संध्याकाळी भाजी चिरायला तासभर येऊ शकेन.’ तिसरं वाक्य जमत असेल तरच जोडा. नाहीतर दोन पुरेत.

यानंतर क्षणभर शांतता पसरेल. ती सॉरीनं भरून काढायचा मोह होईल. मनात पाच आकडे मोजा. बहुतेक वेळा पाचाच्या आत समोरून ‘बरं, ठीक आहे’ येतं.

चूक खरी असेल तेव्हा

आत्मविश्वास म्हणजे कधीच माफी न मागणं नव्हे. उलट, उगाचच्या माफ्या थांबल्या की खऱ्या माफीला जोर येतो. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी 2016 च्या अभ्यासात माफीचे सहा भाग वेगळे करून लोकांना काय पटतं ते तपासलं. सगळ्यात जास्त महत्त्व मिळालं ते ‘चूक माझी आहे’ या स्पष्ट कबुलीला. त्याखालोखाल ‘मी हे असं भरून काढेन’ याला. सगळ्यात कमी महत्त्व मिळालं ते ‘मला क्षमा करा’ या विनंतीला.

म्हणजे दहा वेळा सॉरी म्हणण्यापेक्षा हे एकदा म्हणा: ‘तुझ्या मैत्रिणींसमोर मी तुझ्या मार्कांवरून बोललो. ते माझं चुकलं. पुन्हा असं चारचौघांत बोलणार नाही.’ बापाच्या तोंडून असं वाक्य ऐकलेली मुलगी माफी म्हणजे काय ते आयुष्यभर विसरणार नाही.

सात दिवसांचा सराव

पहिले दोन दिवस फक्त मोजा. सॉरी म्हटलं की मोबाइलच्या नोट्समध्ये एक रेघ ओढा आणि कुणाला म्हणालात ते लिहा. स्वतःला रागावू नका. तिसऱ्या दिवशी यादी पाहा. बहुतेकांच्या बाबतीत दोन-तीन ठरावीक माणसांपुढे आणि ठरावीक प्रसंगांतच रेघा जास्त असतात. चौथ्या दिवसापासून त्यातला एकच प्रसंग निवडा आणि तिथला शब्द बदला. लिहिताना बदलणं बोलण्यापेक्षा सोपं असतं, म्हणून व्हॉट्सअ‍ॅप आणि ई-मेलपासून सुरुवात करा. पाठवण्याआधी एकदा वाचा. सॉरी खोडून वाक्य पूर्ण लागत असेल, तर तो तिथे नकोच होता.

घरात मुलं असतील तर त्यांनाही यात घ्या. ‘आईनं उगाच सॉरी म्हटलं की सांगायचं’ असा खेळ लावला तर मुलं एकही संधी सोडणार नाहीत.

जिथे सॉरी ही ढाल असते

शेवटी एक गंभीर गोष्ट. तुमच्या यादीतल्या जवळजवळ सगळ्या रेघा एकाच माणसासमोरच्या असतील, तो चिडेल, हात उचलेल, बोलणं टाकेल किंवा पैसे बंद करेल म्हणून तुम्ही सॉरी म्हणत असाल, तर ती नुसती सवय नाही. ते भीतीपोटी केलेलं स्वतःचं रक्षण आहे. तिथे शब्द बदलायचे प्रयोग एकट्यानं करू नका. सततचा अपमान, धमक्या आणि पैशांची अडवणूक हीसुद्धा 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात हिंसाच मानली आहे. विश्वासातल्या माणसाशी बोला. महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे, तातडीच्या वेळी 112 वर फोन करा. मनावरचा ताण असह्य झाला असेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

बाकीच्यांनी उद्या सकाळी एकच करा. सॉरी ओठांवर आलं की क्षणभर थांबा आणि मनातल्या मनात हिशेब मांडा. देणं निघालं तर मान खाली न घालता, डोळ्यांत बघून देऊन टाका. नाही निघालं तर हसून ‘धन्यवाद’ म्हणा आणि कामाला लागा.