पाळत बाजारावर ठेवा, बांधावर नको

वन्यप्राण्यांचे नाव काढले की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. ते साहजिकच आहे. रानडुकरांनी भुईमूग उकरायचा, रोह्यांनी तूर फस्त करायची आणि पंचनाम्यासाठी खेटे मात्र शेतकऱ्याने घालायचे. हा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाला वन्यजीव रक्षण हे शहरी लोकांचे खूळ वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही. तरीही आज आम्ही एका वन्यप्राण्याची बाजू घेणार आहोत. हा प्राणी पीक खात नाही, पीक खाणाऱ्याला खातो. त्याचे नाव मांडूळ.

मांडूळ आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. भुसभुशीत मातीत राहणारा, बिनविषारी, सुस्त साप. त्याची शेपटी तोंडासारखीच बोथट, म्हणून लोक त्याला दुतोंड्या म्हणतात. उंदीर हे त्याचे मुख्य खाद्य. उभ्या पिकात आणि कणगीत उंदीर काय करतो ते शेतकऱ्याला सांगायला नको. विषाच्या गोळ्यांना पैसे पडतात, मांडूळ हे काम फुकट करतो. असा हा बिनपगारी राखणदार आज आपल्याच शिवारातून पोत्यात घालून चोरून नेला जात आहे.

कशासाठी? तर म्हणे तो गुप्तधन दाखवतो, पैशांचा पाऊस पाडतो, असाध्य रोग बरे करतो. यातले काहीही खरे नाही. तो अमुक किलोचा असेल तर इतके लाख, त्याहून वजनदार असेल तर कोटी, असे भाव तोंडातोंडी फिरतात. पूर्वी हे भाव गावोगाव हिंडणारा एखादा भोंदू सांगायचा आणि त्याला चार गावांच्या पलीकडे कोणी ओळखत नसे. आता त्याच्या हातात मोबाइल आला आहे. मांडूळ हातात धरून त्याची चित्रफीत काढायची, यूट्यूबवर टाकायची, खाली फोन नंबर द्यायचा, की घरबसल्या राज्यभरातून गिऱ्हाईक आणि सावज दोन्ही चालून येतात.

हा आमचा कल्पनाविलास नाही. डब्ल्यूसीएस-इंडिया या संस्थेने 2016 ते 2021 या काळातील मांडूळ जप्तीच्या बातम्या गोळा करून अहवाल काढला. त्यात 18 राज्ये आणि एका केंद्रशासित प्रदेशातील 172 घटना निघाल्या. सर्वाधिक घटना महाराष्ट्रातल्या, 59. या व्यापाराला चालना देणाऱ्या किमान 200 चित्रफिती यूट्यूबवर आढळल्याचेही अहवालात नोंदले आहे. या फक्त पकडल्या गेलेल्या आणि छापून आलेल्या घटना.

आता शेतमालाचा बाजार जाणणाऱ्या माणसाने एक साधा प्रश्न विचारावा. ज्या मालाचा भाव कोटीत सांगतात, त्याचे शेवटचे गिऱ्हाईक कोण? कांद्याचा भाव पडला तरी कांदा खाणारा कोणीतरी असतो. इथे पोलिसांच्या जाळ्यात सापडतो तो दलाल, आणि त्याचे गिऱ्हाईक म्हणजे दुसरा दलाल. वर्तमानपत्रेही ‘कोट्यवधींचे मांडूळ जप्त’ असा मथळा देऊन त्या खोट्या भावावर शिक्का मारतात. तो मथळा वाचून कर्जाने पिचलेला एखादा तरुण रात्री बॅटरी घेऊन बांध धुंडाळू लागतो. सापडला तर तुरुंगात तो जातो. फोनच्या पलीकडे बसून भाव सांगणारा नंबर बदलतो आणि नव्या नावाने दुकान थाटतो.

शिकल्यासवरलेल्यांचे ऑनलाइन बाजारही यातून सुटले नाहीत. 2017 मध्ये असे उघडकीस आले की नामांकित ऑनलाइन दुकानांवर ‘हाताजोडी’ ही दुर्मिळ मुळी म्हणून जी वस्तू विकली जात होती, ती प्रत्यक्षात नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय होते. घोरपडीला कायद्याने वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे. त्याआधी, 2016 मध्ये, वन्यजीवांच्या व्यापाराच्या जाहिराती असलेली 106 संकेतस्थळे आढळल्याचे सरकारने संसदेत सांगितले होते. म्हणजे रोग माहीत होता, रोग्याचा पत्ताही माहीत होता.

केंद्राचा वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभाग 2007 पासून काम करतो आहे. इंटरनेटवरील व्यापाराविरुद्ध त्याने ‘वाइल्डनेट’ नावाची मोहीम चालवली. 2018 मध्ये जगातील मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन आपापल्या संकेतस्थळांवरील असा व्यापार 2020 पर्यंत 80 टक्क्यांनी कमी करण्याचे ठरवले. हे चांगलेच झाले. पण जाहिरात पुसणे म्हणजे गुन्हेगार पकडणे नव्हे. पुसलेली जाहिरात दुसऱ्या दिवशी सांकेतिक शब्दांत पुन्हा लागते. जाहिरात टाकणारा कोण, पैसे कोणाच्या खात्यात गेले, याचा माग काढून खटला उभा राहिला तरच त्या पाळतीला अर्थ.

पाळत म्हटले की आम्हांला दुसरीही एक भीती वाटते, आणि ती बोलून दाखवणे आमचे कर्तव्य आहे. सरकारच्या हाती नवे यंत्र आले की त्याचा पहिला प्रयोग शेतकऱ्यावर होतो. स्वतःच्या रानात लावलेला साग, खैर किंवा आंबा तोडायला 1964 च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. बांबू हे गवत आहे हे कायद्याला कळायला 2017 साल उजाडले, आणि तेही वनक्षेत्राबाहेरच्या बांबूपुरते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला आपल्याच बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक हाती पडायला 2011 पर्यंत झगडावे लागले. असा इतिहास असताना आकाशातून उपग्रहाने झाडे मोजली जाणार म्हटले की शेतकऱ्याला धडकी भरणारच.

पण यंत्र वाईट नसते. ब्राझीलने 2004 मध्ये उपग्रहाच्या साह्याने ॲमेझॉनच्या जंगलतोडीचे तातडीचे इशारे देणे सुरू केले. त्या वर्षी सुमारे 27,700 चौरस किलोमीटर जंगल तुटले होते. 2012 मध्ये हा आकडा सुमारे 4,600 वर आला. हे एकट्या उपग्रहाने झाले नाही. इशारा मिळताच माणसे जागेवर पोचत होती आणि बेकायदा तोडणाऱ्यांची कर्जे अडवली जात होती, म्हणून झाले. पुढे कारवाई ढिली पडली तेव्हा तोड पुन्हा वाढली, उपग्रह मात्र तसाच फिरत होता.

आपल्याकडे डिसेंबर 2023 मध्ये लाकूड वाहतुकीसाठी देशभराचा ऑनलाइन परवाना सुरू झाला. मोबाइलवर अर्ज, त्यावर क्यूआर कोड, आणि सूट असलेल्या जातींसाठी स्वतःच काढायचे प्रमाणपत्र, अशी त्याची रचना आहे. नाक्यानाक्यावर हात ओले करण्याचे दिवस यामुळे संपणार असतील तर आम्ही त्याचे स्वागतच करू. मात्र कागदाची अट तशीच ठेवून वर मोबाइलची अट लादली, तर जुने परवाना राज नव्या कपड्यांत आले एवढेच होईल.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही चार मुद्दे ठेवीत आहोत.

पहिला, पाळत उघड्या जाहिरातींवर आणि त्यामागच्या व्यापाऱ्यांवर असावी. शेतकऱ्याच्या खाजगी फोनवर नको.

दुसरा, गुप्तधन आणि पैशांचा पाऊस यांच्या जाहिराती करणाऱ्यांवर वन्यजीव कायद्याबरोबरच 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही लावावा.

तिसरा, जप्त प्राण्याची ‘बाजारभावाने किंमत’ पोलीस आणि वनखात्याने जाहीर करू नये, वृत्तपत्रांनी छापू नये.

चौथा, शेतकऱ्याने लावलेले झाड त्याच्या नावावर एकदा नोंदले की ते तोडायला आणि न्यायला दुसरा कागद मागू नये.

आणि एक काम आपले. मांडूळ विकत घेतो असे सांगणारा फोन गावात कोणाला आला, तर तो नंबर आणि जाहिरात वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा. गावात या फसवणुकीची चर्चा उघडपणे करा. एखाद्या पोराने लाखाच्या लोभापायी तुरुंगाची हवा खाण्यापेक्षा त्याला ग्रामसभेत चार शब्द ऐकवलेले बरे. बांधावर मांडूळ दिसला तर त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्या. त्याची खरी किंमत सुगीत, कणगीतल्या धान्याच्या वजनात कळते.